आजोबांचं ट्रू-बीट: सेकंदाला एक उडी की सरकता काटा?

श्रीरंग_गिरगाव

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे आजोबा गिरगावात डॉक्टर होते. एफआरसीएससाठी एडिंबरोला गेले होते, तिथून १९५७ साली परतताना त्यांनी एक घड्याळ आणलं. रोलेक्स, ट्रू-बीट, मॉडेल क्रमांक ६५५६. रोलेक्सने हे १९५४ च्या सुमारास काढलं आणि थोड्याच वर्षांत बंदही केलं. ऑटोमॅटिक मशीन, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं, सेल नाही, तरी सेकंद काटा सेकंदाला बरोब्बर एकदा उडी मारतो आणि पुढच्या रेघेवर जाऊन थांबतो. नाडी मोजणाऱ्या डॉक्टरांना हे सोयीचं पडेल म्हणून ते त्यांच्यासाठीच विकलं जायचं.

मला ताप आला की आजोबा पलंगाच्या कडेला बसायचे, माझंच बोट माझ्या मनगटावर ठेवायचे आणि घड्याळ डोळ्यांसमोर धरायचे. "काटा बारावर आला की मोजायला लाग, तीनवर आला की थांब." काटा रेघेवर येऊन बसायचा, जराही थरथरायचा नाही, मग पुढच्या रेघेवर. कान लावला की मात्र आत भराभर ठोके पडत असायचे, एका उडीला पाच. बाहेर एक आणि आत पाच, हे कसं, ते मला कळायचं नाही आणि आजोबांनाही सांगता यायचं नाही.

आजोबा १९८८ मध्ये गेले, घड्याळ बाबांकडे आलं. १९९६ मध्ये ते बंद पडलं म्हणून बाबांनी दुरुस्तीला टाकलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, ते आता राहिलेलंही नाही. पंधरा दिवसांनी घड्याळ परत आलं, उत्तम चालत होतं, पण काटा सरकत होता. मी म्हटलं, "बाबा, हा काटा पूर्वी असा नव्हता." घरात सगळे खूश होते. घरी आलेल्या एका पाहुण्यांनी तर सांगितलं, "आता कसं खऱ्या रोलेक्ससारखं वाटतंय." तेव्हा प्रत्येकाच्या हातात सेलवालं घड्याळ होतं आणि टकटक चालणारा काटा म्हणजे स्वस्त माल हे डोक्यात पक्कं बसलं होतं. मी कॉलेजात होतो. माझं कोण ऐकणार?

गेल्या महिन्यात पुण्यात घड्याळं जमवणाऱ्यांच्या बैठकीला गेलो होतो. तिथे एकांनी तबकडी वाचली, काटा पाहिला आणि म्हणाले, "तबकडीवर ट्रू-बीट लिहिलंय आणि काटा सरकतोय. एक तर तबकडी बदललीय नाही तर मशीन." दुसऱ्या एका जाणकारांनी तिथेच मागचं झाकण उघडून पाहिलं. मशीन मूळचंच आहे, १०४० क्रमांकाचं. फक्त काट्याला उडी मारायला लावणारे भाग त्यात नाहीत. १९९६ ला काढून टाकलेत.

मला मनापासून वाईट वाटलं. आजोबांचं घड्याळ चालू आहे, पण ज्या गोष्टीसाठी त्यांनी ते घेतलं तीच त्यात नाही. हे भाग आता कुठे मिळतील का? आणि ज्यांना उंची घड्याळात सरकता काटाच हवा असतो त्यांनाही विचारायचंय, की तो तुम्हाला का हवा असतो? टकटक म्हणजे हलकं हे समीकरण १९६९ च्या नाताळात सायकोचं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवालं, घड्याळ आलं त्यानंतरचं आहे. त्याआधी सेकंदावर थांबणारा काटा म्हणजे घड्याळजीच्या हुन्नराची कमाल होती.

तबकडी

श्रीरंग, धागा काढल्याबद्दल आभार. वाचनखूण साठवली.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण पुढची सगळी चर्चा तिच्यावर उभी आहे. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळातला 'सरकता' काटा सरकत नाही. तोसुद्धा उड्याच मारतो, फक्त बारीक. वेळेचा ठेका धरणारं बॅलन्स चाक एकदा या बाजूला झुललं की पॅलेट नावाची अडकण चाकाचा एक दात सोडते, काटा एक पाऊल टाकतो आणि थांबतो. तासाला १८,००० ठोक्यांचं मशीन असेल तर सेकंदाला ५ पावलं, २१,६०० असेल तर ६, २८,८०० असेल तर ८, आणि ३६,००० असेल तर १०. रोलेक्सचीच मधल्या काळातली काही मशीनं १९,८०० ची होती, म्हणजे सेकंदाला साडेपाच पावलं. त्या घड्याळांत काटा एका सेकंदाला रेघेवर आला तर पुढच्या सेकंदाला रेघेच्या किंचित अलीकडे-पलीकडे थांबतो.

हे कुणालाही घरी पाहता येईल. मोबाइलच्या स्लो-मोशनला २४० फ्रेम लावा, काच स्वच्छ पुसा, खिडकीपाशी उजेडात घड्याळ उताणं ठेवा आणि पाचेक सेकंदांचं चित्रण करा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. माझ्या एचएमटी जनतामध्ये एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंत ४८ फ्रेम लागतात. सायको ५ मध्ये ४०. मित्राच्या आताच्या स्विस घड्याळात ३०.

मला सगळ्यात थक्क केलं ते वेगळ्याच गोष्टीने. जनताच्या त्या ४८ फ्रेमांपैकी काटा प्रत्यक्ष हलतो तो दोन किंवा तीन फ्रेमांत. उरलेल्या पंचेचाळीस फ्रेम तो ढिम्म उभा असतो! ज्याला आपण अखंड वाहणारा काटा म्हणतो तो बहुतेक वेळ थांबलेला असतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री घरातली सगळी घड्याळं काढून बसलो होतो.

सुलभा_सिस्टर

श्रीरंग, तुमच्या आजोबांचं वाचून डोळे भरून आले.

मी सरकारी रुग्णालयात ३४ वर्षं नर्स होते. आमच्या वेळी गणवेशावर छातीशी पिनने उलटं लटकवायचं घड्याळ असायचं, म्हणजे हात न फिरवता मान खाली घातली की दिसायचं. माझं पहिलं चावीचं होतं. काटा बारीक थरथरत पुढे जायचा. नंतर सेलवालं घेतलं, टकटक एक-एक सेकंदाचं. दोन्हींवर हजारो नाड्या मोजल्या आहेत, म्हणून फरक ठामपणे सांगू शकते.

नाडी मोजताना डोक्यात एकच आकडा चालू असतो, बोटाखालचा. घड्याळाकडे नजर असते ती फक्त कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं यासाठी. सरकता काटा पंधराच्या रेघेवरून पुढे निघून जातो आणि शेवटचा ठोका धरायचा की सोडायचा हा प्रश्न पडतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं असेल तर एका ठोक्याची चूक मिनिटाला चार ठोक्यांची होते. थांबणारा काटा रेघेवर बसतो तेव्हा ती शंका राहत नाही. नाडी अनियमित असेल तर मी नेहमी पूर्ण मिनिट मोजायचे आणि नव्या मुलींनाही तेच शिकवलं.

आणखी एक. रात्रपाळीला वॉर्ड शांत असतो, बॅटरीच्या उजेडात आपण पेशंटचं मनगट धरून असतो. चावीचं घड्याळ कानाजवळ असेल तर त्याचे भराभर पडणारे ठोके आणि बोटाखालचे ठोके एकमेकांत मिसळतात. नवीन असताना माझं मोजणं त्यामुळे दोनदा चुकलं होतं, मोठ्या सिस्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. तेव्हापासून घड्याळ थोडं लांब धरायची सवय लागली.

तुमच्या आजोबांनी पैसे कशासाठी मोजले ते मला नीट कळतं.

चक्रधर

श्रीरंगराव, आमची घड्याळदुरुस्तीची ही तिसरी पिढी, कोल्हापूर. ट्रू-बीट मी आजवर दोनदाच हाताळलंय आणि त्यातल्या एकात तुमच्यासारखीच गत होती. जगभरात हे झालंय. अनेक ट्रू-बीटमधले उडीचे भाग दुरुस्तीच्या वेळी काढून टाकले गेलेत, कारण ते काढले तरी घड्याळ चालतं आणि काटा साधा होतो.

बाहेर एक आणि आत पाच कसं, हा तुमचा लहानपणचा प्रश्न. या जातीच्या यंत्रणेचं तत्त्व असं: मशीनचं चाक आणि सेकंद काटा एकमेकांना थेट जोडलेले नसतात. मध्ये केसाएवढी बारीक स्प्रिंग असते. चाक ठोक्याठोक्याने पुढे जातं, पण काटा एका अडकणीने धरून ठेवलेला असतो, म्हणून स्प्रिंग ताणत जाते. एक, दोन, तीन, चार. पाचव्या ठोक्याला अडकण सुटते, स्प्रिंग काट्याला सहा अंश पुढे फेकते आणि अडकण लगेच परत बसते. मिनिटाला साठ वेळा, दिवसाला ८६,४०० वेळा. काट्याचं टोक रेघेवर थरथरलं नाही पाहिजे आणि एक उडीही चुकता कामा नये. अडकणीच्या टोकाला तेल किती लावायचं ते सुईच्या अग्राने ठरतं. जास्त झालं तर चिकटतं, कमी झालं तर टोक झिजतं.

आता दुरुस्ती करणाऱ्याची बाजूही ऐका. समजा १९९६ साल आहे. समोर घड्याळ बंद पडलंय, आतलं तेल वाळून डिंक झालंय, उडीच्या स्प्रिंगचं टोक तुटलंय. कंपनीकडून भाग मिळायची शक्यता जवळजवळ नाही. गिऱ्हाईक विचारतं, "चालू होईल का?" तेवढे भाग काढले की बॅलन्सवरचा भार कमी होतो, घड्याळ खणखणीत चालतं. मी त्या जागी असतो तर गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय काढले नसते. पण काढणाऱ्याला घड्याळाचं वाटोळं करायचं होतं असं मला वाटत नाही.

एक विचारतो. त्यांनी जुने भाग परत दिले होते का? आमचे वडील काढलेला प्रत्येक भाग, अगदी तुटका स्क्रूसुद्धा, बटर पेपरच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला द्यायचे. जुन्या लोकांत ही पद्धत होती. घरी शोधा.

मृदुला_के

सगळ्यांचं वाचून भारावले आहे, तरी मत वेगळं आहे आणि ते मांडते.

मला उंची घड्याळात सेकंदाला एक उडी नको. श्रीरंग यांच्या आजोबांना ती कामासाठी हवी होती, ते पटतं. आज जे संग्रहासाठी घेतात त्यांच्याबद्दल बोलतेय. आत बॅलन्स सेकंदाला आठ वेळा झुलतोय आणि बाहेर एकच पाऊल दिसतंय, म्हणजे मशीन जे करतंय ते आपण झाकतोय. काट्याने मशीनचा खरा ठोका दाखवावा. मला आतल्या श्वासाचा वेग बाहेर दिसायला हवा असतो.

माझ्याकडे झेनिथ या स्विस कंपनीचं एल प्रिमेरो आहे. तासाला ३६,००० ठोके, १९६९ साली आलेलं मशीन. त्यातल्या क्रोनोग्राफचा, म्हणजे स्टॉपवॉचचा, काटा सेकंदाला दहा पावलं टाकतो, म्हणून एक दशांश सेकंद मोजता येतो. इथे काट्याची चाल आणि मशीनचं काम एकच आहे. सेकंदाला एक उडी मारणारा काटा आधीची चार पावलं जमवून ठेवतो आणि पाचव्याला एकदम दाखवतो. मधल्या वेळात तो जी वेळ दाखवतो ती थोडी शिळीच असते ना?

अवांतर: १९७० च्या दशकात क्वार्ट्झची लाट आली आणि स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लच्या झेनिथ कारखान्यात या मशीनची अवजारं मोडीत काढायचा हुकूम झाला. तिथल्या शार्ल व्हेर्मो नावाच्या माणसाने ती मोडीत न घालता माळ्यावर लपवून ठेवली, चिठ्ठ्या लावून. पुढे १९८० च्या दशकात तेच मशीन पुन्हा बनवायला घेतलं तेव्हा ती सापडली म्हणून शक्य झालं. चक्रधर यांच्या पुडीवरून आठवलं.

श्रीरंग_गिरगाव

मृदुलाताई, मुद्दा विचार करायला लावणारा आहे. 'शिळी वेळ' हे बरोबर आहे, जास्तीत जास्त एक सेकंद शिळी. पण सेकंद हे आपण ठरवलेलं माप आहे. आजोबांना एक पंचमांश सेकंद नको होता, त्यांना पूर्ण सेकंद हवा होता आणि तो कुठे संपला ते दिसायला हवं होतं. मशीनने आपला पाच ठोक्यांचा हिशेब आपल्यापाशी ठेवला आणि माणसाला लागतं तेवढं बाहेर दिलं. मला यात झाकपाक दिसत नाही. मला ते सौजन्य वाटतं.

चक्रधर, पुडीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना विचारतो.

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत होतो. बोटीवरचे जुने क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रात जागा काढायची अचूक घड्याळं, तुम्ही पाहिले असतील तर त्यांचा काटा अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चालतो. बॅलन्स तासाला १४,४०० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला चार, पण चाकाचे दात सोडणारी यंत्रणा (एस्केपमेंट) डिटेंट नावाच्या वेगळ्या जातीची असल्यामुळे एक सोडून एक ठोक्यालाच काटा पुढे जातो. सेक्स्टंटवर (सूर्याची उंची मोजायच्या उपकरणावर) सूर्य क्षितिजाला टेकवताना घड्याळाकडे बघता येत नाही, म्हणून कानाने मोजायचं. अर्धा सेकंद ही कानाला सहज पकडता येणारी चाल आहे. सेकंदाला आठ ठोके कुणाला मोजता येतील? विषुववृत्तावर चार सेकंदांची चूक म्हणजे एक सागरी मैल.

उंची घड्याळांचं मला कळत नाही, पण ठोका मोजता आला पाहिजे याबाबत सिस्टरांशी १०० टक्के सहमत.

ओंकार_झुरिक

दर्यावर्दी यांनी छान सांगितलंत. वेधशाळांतही तेच होतं. दुर्बिणीत ताणलेल्या बारीक उभ्या धाग्यावरून तारा जाताना बघायचा आणि कानाने लंबकाच्या घड्याळाचे ठोके मोजायचे. सेकंदाचा लंबक साधारण ९९.४ सेंटिमीटर लांब, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहमने १८ व्या शतकाच्या सुरुवातीला अशा घड्याळांसाठी जी एस्केपमेंट रूढ केली तिच्यामुळे काटा उडी मारल्यावर मागे सरकत नाही, जागेवर स्थिर राहतो. शतकभराहून अधिक काळ अचूक वेळ म्हणजे सेकंदाला एक उडी मारून स्थिर राहणारा काटा, असंच लोकांच्या मनात होतं. मनगटातल्या किंवा खिशातल्या घड्याळात तो आणायचा म्हणजे लंबकाच्या घड्याळाशी बरोबरी करायची.

जिनिव्हात झां-मोइझ पुझे याने १७७६ मध्ये खिशातल्या घड्याळात हे जमवलं. त्याने सेकंद काट्यासाठी चाकांची वेगळी रांगच दिली, वेगळ्या स्प्रिंगसह. त्यामुळे घड्याळ न थांबवता फक्त सेकंद काटा थांबवता यायचा. डॉक्टरांमध्ये ही घड्याळं लोकप्रिय झाली. फ्रेंचमध्ये याला 'मेलेला सेकंद' म्हणतात, नाव ऐकून वाईट वाटतं, पण अर्थ एवढाच की काटा दोन उड्यांच्या मध्ये निश्चल पडून असतो.

आजही हे बनतं, आणि जिथे बनतं तिथे महागच असतं. नेदरलँड्सच्या ग्रोनेफेल्ड भावांनी २०१० मध्ये वन हर्ट्झ काढलं, त्यातही सेकंदासाठी वेगळी रांग आहे. येजे-लकूल्त्र या स्विस कंपनीचं जिओफिझिक ट्रू सेकंड २०१५ चं, लांगं या जर्मन कंपनीचं रिचर्ड लांगं जंपिंग सेकंड्स २०१६ चं. लांगं मी म्युनिकमध्ये एका दुकानात हातात घेऊन पाहिलं. आत सेकंदाला सहा ठोके, वर मोठ्या वर्तुळात एकच काटा, एक उडी आणि पूर्ण शांत. विक्रेत्याने चावी ओढली तर काटा टुणकन शून्यावर परत गेला. मी पंधरा मिनिटं तिथून हललो नाही.

इथल्या स्विस रेल्वे स्टेशनवरच्या घड्याळाचंही सांगतो. हान्स हिल्फिकर याने १९४४ मध्ये त्याचा आराखडा केला, लाल सेकंद काटा नंतर आला, स्टेशनमास्तरच्या हातातल्या, गाडीला इशारा द्यायच्या लाल तबकडीसारखा. तो अखंड फिरतो, पण साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करून बारावर उभा राहतो. मुख्य घड्याळाकडून इशारा आला की मिनिट काटा उडी मारतो आणि लाल काटा पुन्हा निघतो. रोज सकाळी फलाटावर मी त्या दीड सेकंदाची वाट बघतो.

स्वाती_नागानो

मृदुला आणि श्रीरंग दोघांच्याही बाजूने लिहिता येईल असं एक यंत्र मी राहते तिथेच बनतं.

तबकडी यांनी सांगितलं की यांत्रिक घड्याळातला काटा सरकत नाही. सायकोच्या स्प्रिंग ड्राइव्ह घड्याळाचा खरोखर सरकतो. जपानच्या नागानोमधल्या शिओजिरीला ही घड्याळं जुळवली जातात. त्यात मेन स्प्रिंग असते, चावी असते, सेल नसतो, पण ठोका देणारं पॅलेट आणि बॅलन्स नसतात. चाकांच्या रांगेच्या शेवटी एक चाक असतं, ते सेकंदाला आठ फेऱ्या घेतं आणि फिरताना किंचित वीज तयार करतं. त्या विजेवर क्वार्ट्झचा स्फटिक आणि सर्किट चालतं. चाक वेगात गेलं तर सर्किट विद्युतचुंबकाने त्याला हलकासा ब्रेक लावतं. कुठेही धक्का नाही, थांबणं नाही, म्हणून काटा अखंड जातो. महिन्याला १५ सेकंदांच्या आत फरक, असं कंपनी सांगते.

योशिकाझु अकाहाने या अभियंत्याला ही कल्पना १९७७ मध्ये सुचली. घड्याळ बाजारात आलं १९९९ मध्ये. शेकडो नमुने करून झाले, कित्येक वर्षं वीज पुरत नव्हती, कारण एवढ्याशा स्प्रिंगमधून मिळणार किती? ते घड्याळ विकलं जाताना बघायला अकाहाने राहिले नाहीत, आदल्या वर्षीच गेले.

मी ते पहिल्यांदा पाहिलं ते बर्फाच्या रंगाच्या तबकडीवर, निळा काटा. जानेवारी होता, बाहेरही बर्फ पडत होता. कान लावला तर काही ऐकू आलं नाही. मला आजीच्या घरातलं लंबकाचं घड्याळ आठवलं आणि खरं सांगते, ठोका नाही याचं थोडं दुःख झालं. पण डोळे हटत नव्हते.

नवा_संग्राहक

सगळ्यांना दंडवत. एक व्यावहारिक शंका. मला घड्याळ घेताना सगळे एकच कसोटी सांगतात, काटा सरकत असेल तर रोलेक्स खरं, टकटक करत असेल तर नकली. म्हणजे श्रीरंगकाकांचं मूळ अवस्थेतलं घड्याळ नकली ठरलं असतं?

तबकडी

अगदी तसंच झालं असतं, आणि म्हणूनच ही कसोटी सोडून द्या. आजच्या नकली घड्याळांत स्वस्त ऑटोमॅटिक मशीन असतं, तेही सेकंदाला सहा किंवा आठ पावलं टाकतं. उलट रोलेक्सने १९७७ मध्ये ऑयस्टरक्वार्ट्झ काढलं, ते अस्सल रोलेक्स आणि काटा टकटक. बुलोव्हाचं १९६० चं अक्युट्रॉन सेलवर चालतं, पण त्यात सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) आहे, काटा इतका गुळगुळीत जातो की चावीची घड्याळं लाजतील. कानाला लावलं तर भुंग्यासारखं गुणगुणतं. काट्याच्या चालीवरून किंमतही कळत नाही आणि खरं-खोटंही.

सेलवाल्या घड्याळात काटा सेकंदाला एकदाच का हलतो, तर सेल वाचवायला. स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो, तो आकडा पंधरा वेळा निम्मा केला की एक उरतो. त्या एका इशाऱ्याला मोटर क्षणभर जागी होते, काटा ढकलते आणि झोपते. तिथे एक उडी हा काटकसरीचा मार्ग आहे, ट्रू-बीटमध्ये तीच उडी सगळ्यात खर्चिक. दोन्ही काटे दिसायला सारखे, म्हणून लोकांची गल्लत होते.

श्रीरंग_गिरगाव

मंडळी, पुडी सापडली.

बाबा सगळ्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. काल रात्री दोघं बसून डबा उपसला. १९९६ च्या पावतीला पिवळी पडलेली बटर पेपरची पुडी टाचलेली होती. पांढऱ्या बशीत उघडली. तीन वस्तू आहेत. आकड्यासारखा एक बारीक तुकडा, त्याच्या टोकाला चकचकीत घासलेली जागा. एक दातेरी चाक, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. आणि केसासारखी स्प्रिंग, दोन तुकड्यांत. श्वास जोरात सोडला तर उडेल म्हणून बाबा तोंडावर रुमाल धरून बघत होते.

पावतीवर दुकानदाराच्या अक्षरात लिहिलंय: "सर्व्हिस. जंपचा पार्ट तुटलेला, मिळत नाही. काढून सोबत दिला आहे." खाली बाबांची सही. म्हणजे त्या माणसाने सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं. आम्हीच वाचलं नाही. त्यांच्याबद्दल इतकी वर्षं मनात जो राग होता तो मी इथे सगळ्यांसमोर मागे घेतो. चक्रधर, तुमचं म्हणणं खरं निघालं.

फोटो जोडलाय. चाकाचे दात शाबूत वाटतात. स्प्रिंगचं काही होईल का?

मृदुला_के

फोटो तीन वेळा मोठा करून पाहिला. श्रीरंग, माझं मत बदललेलं नाही, पण हे घड्याळ पुन्हा उडी मारायला लागलं तर मला चित्रण नक्की पाठवा. पाच ठोक्यांचा आवाजही येऊ द्या त्यात.

चक्रधर

फोटो पाहिला. चाक वाचलंय, अडकणीचं टोक झिजलंय पण घासून नीट करता येईल असं वाटतं. स्प्रिंग नवीन करावी लागेल. तयार मिळणार नाही, पट्टी घेऊन जाडी जुळवत बसावं लागेल. जाड झाली तर काटा रेघेवर आपटून थरथरेल, पातळ झाली तर उडी अर्ध्यातच राहील. चार-पाच प्रयत्न लागतील, वेळ लागेल. होईलच असं वचन देत नाही, प्रयत्न मनापासून करीन.

कुरिअरने पाठवू नका. स्वतः घेऊन या. यायच्या आधी दोन दिवस घड्याळ हातात घालू नका, चावी पूर्ण उतरू दे. पुडी जशी आहे तशी काचेच्या छोट्या बाटलीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, स्प्रिंग चिकटते आणि काढताना सापडत नाही. पावतीही आणा.

सुलभा_सिस्टर

चालू झाल्यावर पहिली नाडी बाबांची मोजा.

श्रीरंग_गिरगाव

पुढच्या शनिवारी महालक्ष्मी एक्स्प्रेसने येतोय, रविवारी सकाळी दुकानात. बाबाही येतायत. ८१ वर्षांचे आहेत, प्रवास नको म्हटलं तर म्हणाले, "पावतीवर सही माझी आहे, मी येणार."